उन्हाळ्याची आगोट



मे महिना अर्धा सरला की आपल्या घरोघरी एक निराळीच लगबग सुरू होते. सरपण पडवीत रचले जाते, मिठाचे मडके काठोकाठ भरले जाते, सुक्या मासळीला पुन्हा एकदा ऊन दाखवून ती डब्यात बंद केली जाते. कांदे, चिंच, आमसुले, मिरच्या, पापड, सारे आपापल्या जागी जाऊन बसते. कोकणात ह्या तयारीला आगोट म्हणतात. गोव्यात तिला पुरुमेंत असे नाव असून, मडगावला पवित्र आत्म्याच्या सणाच्या सुमारास भरणारी पुरुमेंताची जत्रा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आम्ही घाटमाथ्यावरची माणसे नुसती 'पावसाळ्याची बेगमी' म्हणतो. नाव कोणतेही असो, त्यामागील शहाणपण एकच: पुढे चार महिने जे मिळणार नाही, ते आज मिळत असताना जतन करून ठेवावे.

परंतु वाचकहो, ज्या पडवीत ही सारी बेगमी नीट रचलेली असते, त्याच पडवीसमोरून ह्याच मे महिन्यात घरची गृहिणी डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन दूरच्या विहिरीची वाट तुडवीत असते. पावसाळ्यात मीठ मिळणार नाही ह्याची आपण काळजी करतो. उन्हाळ्यात पाणी मिळणार नाही हे ठाऊक असूनही त्याची काळजी मात्र करीत नाही. चार महिने आपल्याच कौलांवरून पागोळ्या गळत असतात, अंगणातून वाहत ओढ्याला मिळत असतात, आणि आपण दारात उभे राहून 'यंदा पाऊस चांगला झाला' असे समाधानाने म्हणतो. पावसाळ्याची आगोट आपल्याला ठाऊक आहे; उन्हाळ्याची आगोट आपण अजून शिकलेलो नाही. आजच्या लेखात मला तेवढेच सांगावयाचे आहे.

हे दुःख पाऊस न पडणाऱ्या प्रदेशापुरतेच आहे, असे कोणी समजू नये. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याकडेच पाहा. मलप्रभा नदीचा उगम ह्याच तालुक्यातील कणकुंबी येथे होतो. घाटमाथ्यावरील त्या भागात पावसाळ्यात अशी झड लागते की, आठ-आठ दिवस सूर्यदर्शन घडत नाही. आणि तरीही त्याच टापूतील कित्येक वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये विहिरींचा तळ दिसू लागतो. ह्याचे कारण गूढ नाही. जमिनीला उतार मोठा, आणि पुष्कळ ठिकाणी खाली जांभा दगड. जांभा हा सच्छिद्र. तो पाणी पटकन पितो खरा, परंतु तितक्याच पटकन ते झऱ्यावाटे खालच्या खोऱ्यात सोडूनही देतो. ज्याच्या घरी भरपूर येते परंतु हाती काही टिकत नाही, अशा उधळ्या माणसासारखी आपल्या ह्या भूमीची स्थिती आहे. मग ज्या वर्षी पाऊसच ओढ देतो, त्या वर्षीची कथा काय सांगावी! २०२३ साली कर्नाटकातील २३६ तालुक्यांपैकी दोनशेहून अधिक तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर करावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही.

आता एक प्रसंग सांगतो. त्यात माझीच चूक आहे, म्हणून तो सांगण्याचा मला अधिकार आहे.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात नववीतील एक मुलगी धर्मशिक्षणाच्या वर्गाला वरचेवर गैरहजर राहू लागली. आली तरी उशिरा येई, आणि भिंतीला टेकून डुलक्या घेई. एके दिवशी मी तिला सर्वांदेखत बोललो. आळसाविषयी चार शब्द ऐकवले. ती खाली मान घालून उभी राहिली, एक अक्षरही बोलली नाही. वर्ग सुटल्यावर तिचा धाकटा भाऊ माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "फादर, ताई पहाटे चारला उठते. आमच्या वाडीची विहीर आटली. ती खालच्या विहिरीवरून पाणी आणते. आईच्या गुडघ्याला सूज आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. खालची विहीर म्हणजे टेकडीच्या पायथ्याची. एका खेपेला जाऊन-येऊन पाऊण तास लागे. सहा माणसांचे घर. केवळ पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला तीन घागरी तरी हव्यात. म्हणजे दोन तासांहून अधिक वेळ त्या मुलीचा पहाटेच वाटेवर जात होता, आणि त्यानंतर ती शाळेत जात होती. घराच्या वळचणीखाली उभे राहून मी वर पाहिले. छप्पर चांगले मंगळुरी कौलांचे, रुंद, दोन्ही अंगांनी उतरते; परंतु त्याला पन्हळ म्हणून बोटभरही नव्हती. वळचणीखाली जमिनीवर गेल्या पावसाळ्यातील पागोळ्यांनी पाडलेल्या खळग्यांची रांग तेवढी दिसत होती. त्या मुलीला आळशी म्हणणाऱ्या मला त्या खळग्यांनी निरुत्तर केले.

ह्या ठिकाणी थोडे गणित करू. ते भिण्यासारखे नाही. चौथीतील मूलही करील. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर एक लिटर पाणी होते. आता एखादे लहानसे घर घ्या, आठ मीटर लांब व पाच मीटर रुंद. छपराचा उतार मोजावयाचा नाही. छप्पर जेवढ्या जमिनीवर सावली धरते, तेवढीच जागा मोजावयाची. ती झाली चाळीस चौरस मीटर. कौले थोडे पाणी पितात, थोडे बाहेर उडते. म्हणून चार हिश्शांपैकी तीनच हिस्से हाती येतील असे धरावे. म्हणजे एक मिलिमीटर पावसास तीस लिटर. वर्षाकाठी एक हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या लहानशा घरावरून तीस हजार लिटर पाणी उतरते. आणि घाटमाथ्यावर तर पाऊस ह्याहून पुष्कळच अधिक.

हा आकडा ऐकून कित्येकांच्या मनात लगेच मोठमोठ्या टाक्यांचे बेत सुरू होतात, आणि मग खर्चाचा अंदाज ऐकून ते बेत तेथेच मावळतात. परंतु आकाश किती देते हे पाहून टाकी बांधावयाची नसते. घराला किती लागते हे पाहून बांधावयाची असते. माणशी पाच लिटर पिण्यास व स्वयंपाकास धरले, तर सहा माणसांना दिवसाला तीस लिटर. एक मार्चपासून पंधरा जूनपर्यंतचे दिवस एकशे सात. म्हणजे लागणारे पाणी सुमारे तीन हजार दोनशे लिटर. पाहुणे-रावळे, आजारीपण धरून चार हजार म्हणा. सहा फूट व्यासाची आणि आत पाच फूट पाणी राहील अशी गोल टाकी बांधली, की तीत चार हजार लिटर पाणी मावते. आमच्या त्या चाळीस चौरस मीटरच्या छपरावर एकशे चौतीस मिलिमीटर पाऊस पडला की ही टाकी भरली! घाटाकडे जुलैतील थोड्याच दिवसांचे हे काम. एकशे सात दिवस, रोज तीन घागरी. तीनशेहून अधिक खेपा त्या एका टाकीने वाचतात. धुणी-भांडी, गुरे-ढोरे ह्यांसाठी दुसरे पाणी शोधावे लागेल, हे खरे. परंतु पिण्याचे शुद्ध पाणी दारात असले की घरावरचा अर्धा भार उतरतो.

ही काही नव्या काळाने काढलेली युक्ती नाही. मुंबईजवळील कान्हेरीच्या लेण्यांत बौद्ध भिक्षूंनी आपल्या निवासाशेजारीच कातळात टाकी खोदून पावसाचे पाणी धरले होते. आपल्या गडकोटांवरील खोदीव टाकी तर शाळेच्या सहलीत प्रत्येकाने पाहिलेली असतील. बडोद्याकडील आमच्या वाचकांना गुजरातेतील जुन्या वाड्यांच्या चौकाखालचे टांके ठाऊक आहे. पोरबंदर येथील महात्मा गांधींच्या वडिलोपार्जित घरातही असे पावसाच्या पाण्याचे टांके आहे. आणि त्याहूनही मागे जावयाचे, तर पवित्र शास्त्रात ज्याचा उल्लेख येतो त्या मवाबाच्या मेशा राजाचा एक शिलालेख १८६८ साली धिबान येथे सापडला. तो ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातील असून आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात हा राजा आपल्या लढायांबरोबर मोठ्या अभिमानाने हेही नोंदवून ठेवतो की, नगरात पाण्याची टाकी नव्हती म्हणून त्याने सर्व प्रजेला आपापल्या घरी एकेक टाके खोदण्यास सांगितले. घरोघरच्या टाक्यांची नोंद करणारा हा राजा इस्राएलाचा शत्रू असला, तरी ह्या एका गोष्टीत शहाणा होता असे म्हणावे लागते.

ह्या एवढ्या पूर्वपरंपरेने आणि त्या मुलीच्या प्रसंगाने माझ्या अंगी उत्साह संचारला, आणि त्याच वर्षी आम्ही धर्मगुरुनिवासाशेजारी सभागृहाच्या पत्र्याखाली वीस हजार लिटरांची टाकी बांधली. पैसे लोकांनी दिले, श्रम तरुणांनी केले. ती पूर्ण झाली तेव्हा मला वाटले, आता वाडीवाडीच्या लोकांना दाखवण्याजोगे एक उदाहरण तयार झाले. उदाहरण तयार झाले खरे, परंतु ते कसे करू नये ह्याचे!

पहिल्याच वळवाच्या सरीत पत्र्यावरून पाणी धो-धो कोसळू लागले आणि आम्ही सर्वांनी आनंदाने ते टाकीत जाऊ दिले. आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची विष्ठा, फणसाची कुजकी पाने, सारे त्याबरोबर आत गेले. टाकीला झाकण होते. परंतु मुले बादल्या बुडवून पाणी काढीत, आणि झाकण बाजूला पडलेले असे. पाणी भरपूर आहे म्हणून कुंपणाच्या भिंतीचे बांधकाम त्याच पाण्यावर झाले, नाताळात अंगण त्यानेच धुतले गेले. फेब्रुवारीअखेर टाकीत गुडघाभर पाणी उरले, आणि त्याला वास येऊ लागला. पुढच्याच आठवड्यात धर्मशिक्षणाच्या वर्गातील चार मुलांना वांत्या व जुलाब सुरू झाले. आरोग्य सेविका आल्या. त्यांनी आधी मुलांना पाहिले आणि मग टाकी पाहण्यास मागितली. आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या आणि एका कोपऱ्यात मेलेला उंदीर तरंगत होता. प्रभुकृपेने मुले बरी झाली. परंतु त्या चार घरी क्षमा मागण्यास जाताना माझी पावले जड झाली होती, हे मी आजही विसरलेलो नाही.

त्यानंतर कित्येक दिवस टाकी हा शब्द कोणी माझ्यासमोर काढीत नसे. शेवटी एका वृद्ध आजींनीच तो काढला. त्यांच्या परसात मुलाने तारेच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा करून बांधलेली एक लहानशी टाकी होती, आणि तिच्या तोटीच्या कुलपाची किल्ली आजींच्या पदराला बांधलेली असे. त्या म्हणाल्या, "फादर, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा, आजी."

"भात भरण्याआधी आम्ही कणगी झाडतो, शेणाने सारवतो, उन्हात वाळवतो. भाताला एवढं करतो, मग पाण्याला का नको? आणि कणगी भरली म्हणून नाताळातच दोन्ही हातांनी उपसली, तर पावसाळ्यात काय शिजवायचं?"

वाचकहो, मी सेमिनरीत अनेक वर्षे काढली, जाडजाड ग्रंथ वाचले. परंतु ह्या दोन प्रश्नांत जेवढे जलशास्त्र होते, तेवढे मला कोणत्याही पुस्तकात आढळले नव्हते. पाणी हे धान्यासारखे धरावयाचे. साठवण्यापूर्वी कोठार स्वच्छ, साठवताना निवड, साठवल्यावर झाकण, आणि उघडण्याची वेळ ठरलेली. आजी वर्षभर जे करीत, ते मी त्यांच्या अंगणात बसून समजून घेतले. त्यात आरोग्य सेविकांनी सांगितलेल्या गोष्टींची भर घातली. आणि तोच क्रम येथे महिनेवार देत आहे.

मे महिन्यात टाकी तळाला आलेली असते. उरलेले पाणी झाडांना घालून ती रिकामी करावी, आणि भिंती व तळ काथ्याने किंवा खराट्याने खरडून धुवाव्यात. नुसते पाणी बदलून भागत नाही. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या काठी भिंतीवर अंडी घालतो. ती कोरड्या भिंतीवर कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढताच फुटतात. म्हणून खरडणे आवश्यक. बंद टाकीत मनुष्य उतरावयाचा असेल, तर झाकण बराच वेळ उघडे ठेवून हवा खेळू द्यावी आणि वर दुसरे माणूस उभे असल्यावाचून उतरू नये. ह्याच महिन्यात कौलांवरील पाने झाडावीत, छपरावर आलेल्या फांद्या छाटाव्यात आणि पन्हळीची डागडुजी करावी. पन्हळ जस्ती पत्र्याची किंवा उभा चिरलेल्या प्लास्टिकच्या नळाची चालते; शंभर फुटांस एक फूट ह्या प्रमाणात तिला उतार असला म्हणजे पाणी साचून राहत नाही. ज्या छपरावर ताजे डांबर फासले आहे, किंवा जे गवताने शाकारलेले आहे, त्याचे पाणी पिण्यास घेऊ नये.

जूनमध्ये मृगाचा पाऊस येईल. तो घ्यावयाचा नाही! तो पाऊस आपली कौले धुण्यासाठी आला आहे असे समजावे. पन्हळीतून येणाऱ्या नळाचे तोंड बाजूला वळवून ठेवावे आणि पहिल्या चांगल्या दोन-चार सरी वाहून जाऊ द्याव्यात. पुढेही मध्ये आठवडाभर उघडीप पडली, तर नंतरच्या पहिल्या सरीचे थोडे पाणी असेच सोडावे. आमच्या त्या लहान घरासाठी पन्नास ते ऐंशी लिटर सोडले म्हणजे पुरे. ह्यासाठी टाकीच्या अलीकडे एक पिंप ठेवण्याची सोय उत्तम. पहिले पाणी पिंपात जाते, ते भरले की पुढचे आपोआप टाकीकडे वळते. पिंपाचे पाणी गुरांच्या गोठ्यास किंवा अंगणास उपयोगी पडते.

आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात टाकी भरावी. नळाच्या तोंडाशी जाळी असावी म्हणजे पाने अडतात. त्याखाली खडी, वाळू व कोळसा ह्यांचे थर घातलेली एक गाळणी ठेवता आली तर फारच चांगले. मात्र ती वरचेवर धुवावी लागते, नाहीतर गाळणीच घाणीचे घर होते. टाकी नवी सिमेंटची असेल, तर पहिले पाणी चुन्याच्या चवीचे लागते. एक-दोनदा भरून ते बागेला द्यावे आणि मग पिण्यासाठी भरावी. पुढे पाऊस चालूच राहतो. भरलेल्या टाकीतून जादा पाणी सांडव्याच्या नळीने बाहेर जाऊ द्यावे. त्या नळीच्या तोंडालाही बारीक जाळी हवी, कारण डासाला दार लागत नाही, फट पुरते.

हस्ताचा पाऊस म्हणजे शेवटची भर. ऑक्टोबर हा आपला रोझरीचा महिना. त्या महिन्यात टाकी काठोकाठ भरलेली आहे असे पाहून झाकण घट्ट बसवावे, त्याच्या कडेच्या फटी बंद कराव्यात आणि तोटीला कुलूप लावावे. आत उजेड शिरू देऊ नये. उजेड गेला की शेवाळ धरते. अंधारात, झाकलेले, न ढवळलेले पाणी महिनोन्महिने चांगले राहते. आणि येथेच आजींचा दुसरा प्रश्न आठवावा: विहिरीला पाणी आहे तोवर विहिरीचेच प्यावे. नाताळ आला, पाहुणे आले, लग्न निघाले, तरी टाकी उघडू नये.

राखेच्या बुधवारानंतर, उपवासकाळात, विहिरीचे पाणी खाली जाऊ लागते. तेव्हा टाकी उघडावी, आणि रोज ठरलेल्या तीन घागरींहून अधिक काढू नये. भांडे कधीही आत बुडवू नये. तोटीनेच पाणी घ्यावे, आणि तोटी तळापासून चार-सहा बोटे वर असावी, म्हणजे खाली बसलेला गाळ भांड्यात येत नाही. पिण्याचे पाणी खळखळा उकळून घ्यावे. हा नियम लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर स्त्रिया ज्या घरी आहेत तेथे तरी मोडू नये. ब्लीचिंग पावडर वापरावयाची झाल्यास ती ताजी व चांगल्या प्रतीची असावी. हजार लिटरांस सुमारे अडीच ग्रॅम पुरते, आणि ती घातल्यावर तासभर पाणी पिऊ नये. प्रथम ते आरोग्य सेविकांकडून किंवा आशाताईंकडून शिकून घ्यावे, अंदाजाने मूठ मारू नये.

आता काही शंका. कोणी म्हणतात, "फादर, २०१९ सालापासून सरकार घरोघरी नळ देत आहे, मग ही खटपट कशाला?" नळ आला हे उत्तमच झाले, आणि ज्यांच्या दारी तो आला त्यांनी देवाचे आभार मानावेत. परंतु नळ म्हणजे पाणी नव्हे. नळ म्हणजे पाण्याची वाट. त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला शेवटी कोठली तरी नदी, विहीर किंवा कूपनलिकाच आहे, आणि मे महिन्यात तीच खोल गेली तर नळाला दोष देऊन घशाची कोरड जात नाही. ज्याच्या कणगीत भात आहे, तो रेशनच्या दुकानात जात नाही असे थोडेच आहे? दोन्ही असावे.

दुसरी शंका चवीची. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात, म्हणून ते अळणी लागते. आठवडाभरात जिभेला त्याची सवय होते, आणि डाळ त्यात लवकर शिजते हा लाभ गृहिणींनीच मला सांगितला आहे. तिसरी शंका खर्चाची, आणि ती खरी आहे. गरीब घराला चार हजार लिटरांची टाकीही जड वाटेल. त्यांनी एका वर्षी पन्हळ करावी आणि झाकणाच्या पिंपात पाणी धरावे. दुसऱ्या वर्षी टाकीचा पाया घालावा. दोन शेजारी घरे मिळून एक टाकी बांधण्यासही हरकत नाही. मात्र किल्ली कोणाच्या पदराला, हे बांधण्यापूर्वी ठरवावे, नंतर नव्हे. सणावारी, लग्नकार्यात आपण किती खर्च करतो हे प्रत्येकाला ठाऊक आहे. एका रात्रीच्या वाजंत्र्यांऐवजी घरच्या लेकीच्या डोक्यावरची तीनशे घागरींची रास उतरवली, तर त्या लग्नाचा आनंद उणा होईल असे मला वाटत नाही.

टाकी भरल्यावर जे पाणी सांडते, ते वाया घालवू नये, हेही सांगून ठेवतो. वाडीच्या विहिरीजवळ एक खड्डा घेऊन त्यात दगड, खडी व वाळू भरावी आणि छपराचे जादा पाणी त्यात सोडावे, म्हणजे ते जमिनीत मुरून विहिरीला थोडाफार हातभार लावते. अंगणाचे किंवा गोठ्याचे पाणी मात्र तिकडे वळवू नये, आणि शौचालयाच्या खड्ड्यापासून हे सारे निदान पन्नास फूट दूर असावे. गोव्यात चोवीस जूनला सांजांव साजरा होतो तेव्हा डोक्यावर फुलांची कोपेल चढवून तरुण मंडळी भरलेल्या विहिरीत उड्या घेतात. भरलेली विहीर हा खरोखरच उत्सव करण्याजोगा आनंद आहे. त्या आनंदाचा काही अंश आपण मे महिन्यापर्यंत पोहोचवू शकलो, तर तोही एक सणच होईल.

आमच्या टाकीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तिला आता कुलूप आहे, आणि तिची किल्ली माझ्याकडे नाही. ती आजींच्या देखरेखीखाली महिला मंडळाकडे आहे. गेली काही वर्षे तिचे पाणी उपवासकाळापूर्वी कोणी घेतलेले नाही, मी सुद्धा नाही. एकदा पाहुणे आले म्हणून मी एक बादली मागितली, तेव्हा "फादर, अजून राखेचा बुधवार झाला नाही," असे उत्तर मिळाले. मी निमूटपणे विहिरीवर गेलो.

आणि ती मुलगी? त्याच वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी वाडीतील तरुणांनी तिच्या घराला पन्हळ बसवून दिली. टाकीचा खर्च अर्धा घरच्यांनी केला, अर्धा शेजाऱ्यांनी उसना दिला, तो पुढे दोन सुगींत फिटला. दुसऱ्या वर्षी मार्च महिन्यात तिची दहावीची परीक्षा होती. तिने किती गुण मिळवले हे सांगणे माझा हेतू नाही. त्या मार्चमध्ये ती धर्मशिक्षणाच्या वर्गाला वेळेवर येत होती आणि जागी होती, एवढेच मला आठवते. मी सर्वांदेखत तिला बोललो होतो, म्हणून सर्वांदेखतच तिची क्षमा मागितली.

पाऊस आता दूर नाही. टाकी ह्या वर्षी होईल किंवा न होईल. परंतु हा अंक हातातून खाली ठेवल्यावर घराबाहेर जावे, वळचणीखाली उभे राहून छपराकडे एकदा पाहावे, आणि घराची लांबी-रुंदी पावलांनी का होईना, मोजून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. गवंडी आला की तो आधी तेच विचारील.